दिव्यांग कल्याण मंत्र्यांस खुले पत्र : तिला तारीख विचारू नका

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य
यांस,
स. न. वि. वि.

बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका कार्यशाळेत मी विशेष शिक्षिका आहे. दिवाळीआधी आमच्याकडे पणत्या रंगवतात, उटणं पाकिटात भरतात, साच्यांत मेण ओततात. अशाच एका दिवाळीच्या तोंडावर आमच्या एका मुलीने व्हॅनमध्ये बसायला नकार दिला. (तिचं वय सव्वीस. आम्ही सगळ्यांना अजून ‘मुलं’च म्हणतो, ही आमची जुनी खोड.) दोन दिवस ती नुसती रडत होती. तिसऱ्या दिवशी तिने आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल आईला जे सांगितलं, ते ऐकून आई तिला घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेली.

‘कधी झालं? तारीख सांग,’ हा तिथला पहिला प्रश्न. तिला तारीख कळत नाही. मग ‘किती वाजता?’ घड्याळही कळत नाही. ‘हिला काही सांगताच येत नाही,’ असं म्हणून मायलेकींना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. त्या दिवशी कार्यशाळेत काय काम केलंस, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, ‘लाल मेण. बोट भाजलं.’ आमच्या नोंदवहीत बोट भाजल्याची, मलम लावल्याची नोंद होती. तारीख तिथे मिळाली. पुढचं सगळं तिने स्वतः सांगितलं, तिच्या शब्दांत, हाताने दाखवत.

साहेब, मी तिथे गेले ते आईने रात्री फोन केला म्हणून. खरं तर मला बोलावणं पोलिसांचं काम होतं. अशा गुन्ह्यात पीडित स्त्री दिव्यांग असेल तर तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, ही तरतूद 2013 पासून कायद्यात आहे. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. पण त्या ठाणे अंमलदाराकडे एकाही विशेष शिक्षकाचा नंबर नव्हता. त्याने तरी कुणाला बोलवायचं?

वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली की आमच्या मुलांच्या डोक्यावरचं पोक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, छत्र जातं. बालकावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रौढ दिव्यांगाबाबत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 7 म्हणतं की माहिती ‘देऊ शकतो’. या ‘शकतो’मध्ये किती शेजारी, किती काळजीवाहक, किती संस्थाचालक गप्प बसतात, ते आम्ही बघतो. मानसिक वय लहान असलं तरी पोक्सो लागू होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. तो निकाल मला मान्य आहे. आमची माणसं मोठी आहेत. त्यांनाही कुणी आवडतं, कुणाचा हात धरावासा वाटतो. म्हणून त्यांना घरात कोंडू नका. पण पोक्सोतली तपासात आणि खटल्यात सोबत राहणारी मदतनीस व्यक्ती आणि कळवण्याचं बंधन, या दोन गोष्टी त्यांच्यासाठी आणा.

पुरुषांबद्दल तर कुणी बोलतच नाही. आमच्याकडच्या तरुण मुलांवरही अत्याचार होतात. बलात्काराचं कलम फक्त स्त्रीसाठी आहे, आणि जुन्या दंड संहितेतलं जे कलम 377 पुरुषावरच्या अत्याचारातही लावता यायचं, त्याच्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेत काहीच आलेलं नाही. हा प्रश्न केंद्राचा आहे, पण तो तिथे मांडणं राज्याच्या हातात आहे.

1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली. कारण दिलं मासिक पाळीच्या स्वच्छतेचं. आजही पालक मला दबक्या आवाजात विचारतात, ‘बाई, पिशवी काढून टाकू का?’ मी त्यांना सांगते, त्याने गर्भ राहणार नाही. तिला हात लावणारा मात्र तसाच मोकळा राहील, आणि झालेलं कुणाला कळणारही नाही. पनवेलजवळच्या कळंबोलीच्या वसतिगृहात मतिमंद मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण 2011 मध्ये बाहेर आलं, तेव्हा मुली तिथे किती काळ सोसत होत्या हे सगळ्यांनी वाचलं.

आमचाही दोष आहे. वर्षानुवर्षं आम्ही ‘शहाणी मुलगी ऐकते’ हेच शिकवलं. कपडे कुणीही बदलले तरी उभं राहायचं, मोठ्यांना नाही म्हणायचं नाही. आता आम्ही दर आठवड्याला बाहुली आणि चित्रं घेऊन शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकवतो, ‘नको’ मोठ्याने म्हणायला लावतो. हा तास प्रत्येक अनुदानित कार्यशाळेत आणि वसतिगृहात सक्तीचा करा. अठराव्या वर्षी कायदेशीर पालकत्वासाठी पालक राष्ट्रीय न्यासाच्या (बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय संस्थेच्या) स्थानिक समितीसमोर, जिल्हाधिकाऱ्यांकडे येतातच. त्याच दिवशी त्यांच्याशी याबद्दल बोललं जावं. आणि गृह विभागाशी बोलून जिल्ह्यातल्या विशेष शिक्षकांची नावं, फोन नंबर आणि येण्या-जाण्याचं मानधन ठरलेली यादी प्रत्येक ठाण्यात, अंमलदाराच्या टेबलासमोर लावा. माझं नाव त्यात पहिलं लिहा, रात्री-अपरात्री येईन.

ती मुलगी आता व्हॅनने येत नाही. आई तिला सोडते आणि दुपारी न्यायलाही येते, त्यामुळे आईची दोन घरची कामं सुटली आहेत.

आपली,
एक विशेष शिक्षिका