शंभर मीटरच्या आत राहणाऱ्यांचं काय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

नदीकाठ सुधारणेच्या बातम्या सध्या रोज येतायत, त्यावरून एक सांगायचंय. कसबा म्हणजे मुठेच्या काठावरची पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ, ग्रामदैवत इथलं, मानाचा पहिला गणपती इथला, तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, कागदीपुरा सगळं इथेच. रविवारी हेरिटेज वॉकवाले ग्रुपने येतात, तांबट आळीत तांब्यावर ठोके मारतानाचे रील काढतात, वाड्याच्या दरवाज्यात उभं राहून फोटो काढतात, काढू देत, आमची काहीच तक्रार नाही. पण त्याच वाड्यात आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक, त्यामुळे प्राचीन स्मारकांच्या 2010 च्या कायद्याने त्याच्या भोवती 100 मीटर नवीन बांधकाम बंद आणि पुढचे 200 मीटर परवानगी घेऊन. आता गंमत बघा, शनिवारवाडा 1828 च्या आगीत आतून जळून गेला, राहिला तो दिल्ली दरवाजा, तट, बुरूज आणि जोती. ते जपायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण त्याच्या आजूबाजूला कसब्यात आणि शनिवार पेठेत जे लाकडी वाडे अजून उभे आहेत, ज्यात माणसं राहतात, ते मात्र पडायची वाट बघायची.

दुरुस्ती करा म्हणतात, 16 जून 1992 च्या आधीचं घर असेल तर अर्ज करता येतो. बरोबर आहे, पण ज्या भिंतीची पांढरी माती बोट लावलं की गळते, तुळईला वाळवी लागलीय, वर निळी ताडपत्री आणि खाली लोखंडी टेकू, तिथे दुरुस्ती कशाची करणार? पाडून बांधावंच लागतं आणि ते चालत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस मात्र न चुकता दारावर येते, घर खाली करा म्हणून. जायचं कुठे ते नोटिशीत लिहिलेलं नसतं. त्यात मालक भाडेकरू भांडण असतंच, तो वेगळा विषय.

नदीकडच्या बाजूला आणखी वेगळी तऱ्हा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा काठचे कितीतरी वाडे पाण्यात बसले, त्यामुळे पूररेषा हवी हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण नदीलगतच्या निळ्या पूररेषेच्या आतही नवीन बांधकाम बंदच, म्हणजे एकीकडून नदी आणि एकीकडून शनिवारवाडा आणि मधे आम्ही.

2018 साली लोकसभेत या स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती मंजूर झाली होती, तीसुद्धा केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांसाठी, राहत्या घरांसाठी नाही, आणि पुढे ती राज्यसभेत अडकली. मेट्रो 2024 मध्ये मुठेखालून कसब्यात आली, छान झालं, आम्हीपण जातो त्याने. मग राहत्या घराचा प्रश्न तेवढा अवघड कसा काय?

टॉवर नकोयत हो आम्हाला. जेवढी उंची आज आहे तेवढीच ठेवून, दर्शनी भाग जुन्या वळणाचा ठेवून वाडा परत बांधायला परवानगी द्या. आणि आमच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात हा विषय काढावा, निवडणुकीच्या वेळी प्रत्येकजण आमच्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेलाय.

आपला,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे