युरोप सहलीच्या जाहिरातीत रात्रींचा हिशेब हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी उन्हाळा जवळ आला की आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपच्या सहलींची पाने येऊ लागतात. ‘बारा दिवस, नऊ देश’ अशी ओळ मोठ्या अक्षरांत आणि खाली आयफेल टॉवर, बर्फ, ट्यूलिपचे ताटवे. मे महिन्याच्या सुट्टीसाठी पैसे भरायची घाई याच दिवसांत चालते, म्हणून वेळेवर लिहिते आहे.

मी युरोपला दोनदा गेले. पहिल्यांदा यजमानांबरोबर, एका प्रवासी कंपनीच्या गटातून. त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या आम्हा दोघांना त्यांनी सांभाळून नेले, पॅरिसमध्ये रात्री गरम वरण-भात वाढला. पण त्या नऊ देशांमधला एक होता लिख्टेनस्टाइन. तिथे वाडुझ गावात बस चाळीस मिनिटे थांबली, त्यातली निम्मी स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. आणखी एक देश म्हणजे व्हॅटिकन, तो तर रोमच्या पोटातच आहे. रोज सहाला बॅगा खोलीबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. तिकडे चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे; पण आमच्या कार्यक्रमपत्रिकेत तो वेळ धरलेलाच नव्हता. तो शेवटी आमच्या बघण्याच्या वेळेतून कापला जाई. बसून बसून यजमानांचे पाय सुजले होते.

मला सगळ्यात लागले ते वेगळेच. मी तीस वर्षे भूगोल शिकवला. हिमनदीने कोरलेली यू आकाराची दरी आणि तिच्या कड्यावरची लोंबती दरी (उंचावरच अधांतरी संपणारी उपदरी) किती वेळा फळ्यावर काढली असेन, त्याची गणती नाही. स्वित्झर्लंडमधले लाउटरब्रुनेन म्हणजे ती आकृती जशीच्या तशी. आमची बस तिथून गेली तेव्हा मार्गदर्शक म्हणाला, “डावीकडे धबधबा बघा.” मी उजवीकडे बसले होते. उठून वाकेपर्यंत बस पुढे गेली होती. वर युंगफ्राऊयोखला, म्हणजे आगगाडी जाते त्या बर्फाच्या खिंडीत, त्या दिवशी दाट ढग. तारीख ठरलेली, तिकीट काढलेले, म्हणून ३४५४ मीटरवर जाऊन आम्ही पांढरा पडदा बघून परत आलो.

दुसऱ्यांदा, २०२४ च्या मेअखेरीस, मी आणि धाकटी बहीण आमच्या आम्ही गेलो. ठिकाणे निवडताना आधी एकच नक्की केले : लाउटरब्रुनेनला पाच रात्री. बाकीची गावे त्याच्या अलीकडे-पलीकडे, रेल्वेच्या ओळीने बसवली. पॅरिसला चार रात्री, व्हेनिसला दोन, रोमला तीन. पॅरिसला उतरायचे आणि रोमहून परतायचे, म्हणजे त्याच रस्त्याने उलटे येण्यात दिवस जात नाही. ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, पिसा कागदावरून खोडताना बहिणीचा जीव खालीवर झाला. पण मुक्काम हलवायचा म्हणजे तो दिवस गेलाच असे धरावे लागते. पॅरिसहून बाझेल आणि इंटरलाकेनला गाड्या बदलून दरीत पोहोचायला सहा तास लागतात. तिथून मिलानमार्गे व्हेनिसला त्याहून जास्त. चौदा रात्रींत असे तीनच दिवस गेले. आणखी तीन गावे घेतली असती तर सहा गेले असते.

युरोपातल्या अनेक देशांत एकच चालणारा शेंगेन व्हिसा कोणाकडे मागायचा, तेही मुक्कामावरच ठरते. सर्वांत जास्त मुक्काम ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. आमच्या स्वित्झर्लंड आणि इटलीच्या रात्री सारख्याच, पाच-पाच, आणि उतरणार पॅरिसला, म्हणून अर्ज फ्रान्सकडे गेला. लंडन जोडायचे असेल तर त्याचा व्हिसा वेगळा, खर्च वेगळा, हे जाहिरातीत अगदी बारीक अक्षरांत असते.

लाउटरब्रुनेनला आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. भाजणी आणि मेतकूट बरोबर होते. (तूप मात्र नेऊ नये; दूध-दुभत्याचे पदार्थ युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून नेऊ देत नाहीत.) पहिल्या दिवशी दुपारभर श्टाउबबाख धबधब्याच्या पायथ्याशी बसलो. जवळजवळ तीनशे मीटरवरून पाणी सुटते, पण खाली धार म्हणून पोहोचतच नाही. वारा आला की त्याचा पदर होतो, मग भुकटी, आणि काही वेळाने आपला चष्मा ओला झालेला असतो. नावातल्या ‘श्टाउब’चा अर्थच धूळ. कड्याच्या वरच्या काठावर लोंबती दरी जिथे तुटते, ती रेघ मी बोटाने बहिणीला दाखवली. मला रडू आले, ते लपवलेही नाही.

तिथे स्टेशनवर पडद्यावर युंगफ्राऊयोखचे त्या क्षणाचे चित्र दिसते. दोन दिवस सकाळी ते नुसते राखाडी होते. तिसऱ्या दिवशी निळे दिसले, तेव्हाच तिकिटे काढली. पाच रात्री हाताशी असल्या की हे जमते.

व्हेनिसला मुक्काम करावा असे मी प्रत्येकाला सांगते. दिवसापुरते येणाऱ्यांकडून तिथे २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात, राहणाऱ्यांना ते माफ आहे. पण खरे कारण संध्याकाळ. दिवसाची गर्दी ओसरते आणि गल्ल्यांतून आपल्याच पावलांचा आवाज येतो.

प्रत्येकाने माझीच गावे घ्यावीत असे नाही. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी बोटीतून उडी घेतली ते मार्सेय पॅरिसहून वेगवान गाडीने साधारण सव्वातीन तासांवर आहे. इरावती कर्वे बर्लिनला शिकल्या. मराठी माणसाला तिथे दोन रात्री राहावेसे का वाटू नये? आपल्याला कशासाठी जायचे आहे ते आधी सापडले की बाकीची यादी आपोआप आखडते.

संपादक महोदय, माझी विनंती सहल कंपन्यांना आहे, आणि आपल्यालाही, कारण ही पाने आपण छापता. देशांच्या आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोणत्या गावी किती रात्री आणि कोणत्या दिवशी बसमध्ये किती तास, हे छापावे. हॉटेल व्हेनिसच्या बेटांवरचे की पाण्यापलीकडच्या मेस्त्रे उपनगरातले, ते लिहावे. आणि मेअखेरच्या सहलीच्या जाहिरातीवर ट्यूलिपचे चित्र टाकू नये. नेदरलँड्समधली कॉयकेनहोफची ट्यूलिपची बाग मेच्या मध्याच्या सुमारास बंद होते. आमच्या गटातल्या एका आजींनी नातीला दाखवायला म्हणून त्या फुलांसाठी पैसे साठवले होते. त्यांना बंद फाटक दाखवण्यात आले.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सांगली