पक्षानेच पाडलेला पर्यावरणमंत्री

महोदय,

पर्यावरणावरून सरकार पडू शकते, हे आपल्याकडे कुणाला पटणार नाही. नेदरलँड्समध्ये मे १९८९मध्ये ते पडले. पर्यावरणमंत्री होते एड नाइपेल्स. राष्ट्रीय पर्यावरण आराखड्याला पैसा हवा, म्हणून मोटारीने कामावर जाणाऱ्यांची करसवलत काढायचे ठरले आणि मोडता घातला तो त्यांच्याच व्हीव्हीडी पक्षाच्या खासदारांनी! उद्योगस्नेही पक्ष तो. बत्तिसाव्या वर्षी ते त्याचे नेते झाले होते.

पुढे ब्रेडाचे महापौरपद, वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या डच शाखेचे अध्यक्षपद आणि १९९९ ते २००८ फ्रीसलंड प्रांतात राणीचे आयुक्त. हे पद राज्यपालासारखे वाटेल, पण प्रांतिक सभा आणि कार्यकारिणी, दोन्हींचे अध्यक्ष तेच. नुसती फीत कापणे नव्हे.

मी याच प्रांतात, लेवार्डनला राहतो. थंडी पडली की इथे जो तो कालव्यावरच्या बर्फाची जाडी विचारतो. या बर्फावरून होणारी अकरा शहरांची सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत १९९७नंतर झालेलीच नाही. नाइपेल्स यांच्या वाट्याला एकही आली नाही.

२०१८मध्ये कार्बन उत्सर्जन घटवण्याच्या राष्ट्रीय हवामान कराराच्या वाटाघाटी त्यांच्याकडे आल्या. डिसेंबरात पर्यावरण संस्थांनीच मसुद्याला पाठिंबा नाकारला. आधी स्वपक्ष, मग स्वकीय! तरी जून २०१९मध्ये करार झाला. घरातला गॅस हीटर बदलायचा खर्च कोण देणार, म्हणून माझे शेजारी अजून त्यांच्या नावाने बोटे मोडतात. पक्ष सोडून हिरव्या गोटात जाणे सोपे होते. ते गेले नाहीत, याचे मला जास्त कौतुक आहे.

– एक वाचक, लेवार्डन (नेदरलँड्स)