सुनावणीच्या आधीच सगळं ठरलेलं असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाणी, रस्ते, वीज, बस असा कुठलाही मोठा प्रोजेक्ट आला की आपण खर्च किती आणि पूर्ण कधी होणार यावरच भांडत बसतो, पण ठरवताना कोण कोणाशी बोललं हे कुणी विचारतच नाही. इंजिनिअर, सल्लागार कंपनी, कर्ज देणारी बँक, ठेकेदार, अधिकारी यांचं एकमेकांशी रोजचं बोलणं असतं, एका फोनवर अडलेली फाइल पुढे सरकते. ज्याच्या नळाला ते पाणी येणार तो माणूस आणि रोज खड्डा खणून गळती काढणारा कामगार यांना बोलावणं येतं ते थेट जनसुनावणीला, म्हणजे नकाशे झाले, टेंडरचा मसुदा झाला, मग.

अमेरिकेतलं फ्लिंट बघा. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला म्हणून शहराचं पाणी डेट्रॉइटच्या सिस्टिमवरून काढून फ्लिंट नदीवर आणलं, तेव्हा कारभार राज्याने नेमलेल्या इमर्जन्सी मॅनेजरकडे होता, निवडून आलेल्यांच्या हातात फारसं काही नव्हतंच. पाइप गंजू नयेत म्हणून टाकतात ते केमिकल टाकलं नाही आणि जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन मीटिंगला जायचे आणि अधिकारी त्यांना सांगायचे पाणी सेफ आहे. जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यात पार्ट गंजायला लागले तर त्यांना मात्र ऑक्टोबर 2014 मध्येच दुसरीकडून पाणी घेऊ दिलं! शहराला जुनं पाणी परत मिळायला ऑक्टोबर 2015 उजाडलं. त्या वर्षभरात लहान मुलं तेच पाणी पीत होती, याचा मला आजही संताप येतो. कारखान्याचं म्हणणं योग्य टेबलावर लगेच पोचलं, आयांचं पोचलं नाही.

सगळ्यांना विचारत बसलं तर काम रखडतं असं अधिकारी म्हणतात आणि ते अगदीच खोटं नाही, एकमेकांवर विश्वास असलेली माणसं असल्याशिवाय एवढी मोठी कामं उभीच राहत नाहीत. पण फ्लिंटमध्ये पैसे वाचवायला गेले आणि पुढे नुकसानभरपाईचा समझोताच 62 कोटी डॉलरच्या वर गेला, त्याचं काय? पॅरिसने 2010 मध्ये पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडून परत स्वतःकडे घेतला, नव्या संस्थेच्या बोर्डावर कर्मचारी आणि ग्राहक संघटनांचे लोक बसवले, तरी काम काही अडलं नाही, उलट 2011 मध्ये दर 8 टक्क्यांनी कमी केला.

म्हणून माझी मागणी अशी की प्रोजेक्ट रिपोर्ट बनत असताना कोण कोणाला भेटलं याची नोंद लोकांना बघायला मिळावी, देखभालीच्या कामगारांना सल्लागारांच्या पहिल्याच बैठकीला बोलवावं, आणि सुनावणी जागा ठरायच्या आधी घ्यावी, नंतर घेतलेल्या सुनावणीत हरकतींची फक्त नोंद होते, नकाशावरची रेघ काही हलत नाही.

आपला,
एक नियमित वाचक