कात्रीखाली गेलेला इशारा

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

परवा मेडिकलमध्ये माझ्या पुढे सतरा-अठरा वर्षांची मुलगी उभी होती, आईबरोबर. फिटच्या गोळ्या, तीन दिवसांच्या. दुकानदाराने पट्टीला कात्री लावली आणि सहा गोळ्या कागदी पिशवीत टाकल्या. औषधाचं नाव, लाल रेघ, बारीक इंग्रजीतला इशारा हे सगळं उरलेल्या तुकड्यावर राहिलं. तो तुकडा परत डब्यात गेला. सोडियम व्हॅल्प्रोएट. तीच गोळी मी नऊ वर्षं घेतली, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिच्या पाठीवर लिंबाएवढी गाठ होती, मणका उघडा. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन, मग डोक्यातलं पाणी काढायला शंट नावाची नळी. कमरेखाली जोर नाही. लघवी दर चार तासांनी नळीने काढावी लागते. मधल्या सुट्टीत मी शाळेत जाते आणि बाथरूमचं दार पाठीने दाबून धरते, कारण कडी मोडलीय. (कडीसाठी वेगळं पत्र लिहीन.) सासूबाई म्हणाल्या, ग्रहण पाळलं नाहीस. चार वर्षं मलाही तेच खरं वाटत होतं.

मग एका नव्या डॉक्टरांनी गोळीचं सांगितलं: गरोदरपणात घेतली तर बाळाचा मणका उघडा राहू शकतो. फ्रान्समधल्या लिऑनमध्ये हे 1982 सालीच लक्षात आलं होतं. साहेब, माझा जन्म 1991 चा! गोळी चालू असताना झालेल्या शंभर बाळांत साधारण दहांना जन्मजात व्यंग, तीस-चाळिसांना पुढे बोलण्या-शिकण्यात अडचण. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती गर्भ राहिल्यावर 28 दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचंही धड कळत नाही. ती नीट मिटायला मदत करणारं जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड, माझ्या हातात पडलं तिसऱ्या महिन्यात. आभारी आहे.

गोळी विष आहे असं मी म्हणत नाही. माझ्या फिट तिनेच थांबवल्या, आणि हे वाचून कुणी ती मनाने बंद करू नये. फिट येऊन जीव जातो. पण बाळाला कमी धोक्याची फिटची दुसरी औषधं होती: लॅमोट्रिजिन होती, लेव्हेटिरॅसिटॅम होती. 'लग्न ठरलंय का गं?' एवढं विचारायला किती वेळ लागतो?

इंग्लंडात ऑक्टोबर 2023 पासून ही गोळी कंपनीच्या अख्ख्या खोक्यातच द्यावी लागते. जानेवारी 2024 पासून पंचावन्नच्या आतल्या कुणालाही दोन तज्ज्ञांच्या होकाराशिवाय नव्याने सुरू करत नाहीत. तेही चाळीस वर्षं झोपले होते, पण उठले तरी.

तुम्ही म्हणाल, लेबल दिल्लीचा विषय. दिल्ली म्हणेल, दुकानं तपासणं राज्याचं काम. तंबाखूच्या पुडीवर 85 टक्के जागेत सडकं तोंड छापायला मात्र सगळ्यांना जमलं. 2024 मध्ये मराठी अभिजात झाली, पेढे वाटले गेले. त्या अभिजात भाषेतलं 'मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा' हे एक वाक्य पट्टीवर मावत नाही? शिबिरं, फ्लेक्स, फोटो यांना जागा आहे, पैसा आहे. आमच्या चार-साडेचार लाखांच्या खर्चाचा हिशेब मी कुणाला दाखवू?

ही पट्टी कापायला बंदी करा आणि तिच्यावर मराठीत लिहा. बाकी काही मागत नाही.

परवा मी त्या दोघींच्या मागे रस्त्यापर्यंत धावले. सगळं सांगितलं. आईने पिशवी पदराआड घेतली आणि म्हणाली, "ताई, हळू बोला. स्थळ बघतोय तिला."

आपली,
एक आई