जेटचा नंबर एकटा छापू नका

संपादक महोदय,

जुन्या मोटारींवरच्या सदरांत एक सल्ला हटकून वाचायला मिळतो : गाडी पिकअप घेत नसेल तर मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारा, भोक असलेला मुख्य पितळी स्क्रू) एक नंबर मोठा टाका. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कोणत्या कंपनीचा, आतला चोक (हवेची वाट आखडणारी नळी) किती मिलिमीटरचा, याचा पत्ता नसतो. या दोन गोष्टी कळल्याशिवाय जेटवरच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

वेबर आणि सोलेक्स या कंपन्यांच्या मेन जेटवरचा आकडा हा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १३० म्हणजे १.३० मिमी. होली कंपनीचा नंबर मात्र प्रवाहावरून ठरतो. तिथे ७२ आणि ७३ या दोन्ही जेटांचे भोक ०.०७९ इंचाचेच आहे, तरी ७३ मधून पेट्रोल जास्त जाते. म्हणजे होलीचा पुसट झालेला जेट नुसते भोक मोजून ओळखता येत नाही. एसयू कार्ब्युरेटरची तऱ्हा आणखी निराळी. जेट ठरावीक मापाचा (बहुतेक छोट्या गाड्यांत ०.०९० इंच, मोठ्या कार्ब्युरेटरांत ०.१०० इंच) आणि मिश्रण ठरवते ती त्यात वरखाली होणारी निमुळती सुई. सुईचा कोड पिस्टनमध्ये बसणाऱ्या टोकावर कोरलेला असतो, त्यामुळे ती बाहेर काढावीच लागते. सुई बारीक तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), जाड तर लीन (पेट्रोल कमी). परत बसवताना साध्या, पक्क्या बसणाऱ्या सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी समपातळीत आला पाहिजे. तो वर-खाली राहिला तर योग्य कोडची सुईही चुकीचे मिश्रण देते.

वेबरचा आयडल जेट (संथ चालीला पेट्रोल पुरवणारा) सर्वांत जास्त फसवतो. डीसीओई मालिकेत त्यावर ‘४५ एफ ९’ असे काहीतरी लिहिलेले असते. ४५ हे पेट्रोलचे भोक, ०.४५ मिमी; ‘एफ’ पुढचा आकडा हवेच्या भोकाचा कोड. हा कोड चढत्या क्रमाने नाही. एफ ८ पेक्षा एफ ९ रिच आहे, आणि एफ ६ त्या दोघांपेक्षाही रिच! इमल्शन ट्यूबच्या (मेन जेटच्या पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या छिद्रांच्या नळीच्या) एफ ११, एफ १६ या नंबरांतही असा क्रम शोधू नये. साधारण तीन हजार आरपीएमपर्यंत संथ चालवताना गाडी याच आयडल जेटवर चालते. त्यामुळे पेट्रोल फार लागते म्हणून मेन जेट लहान करणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही.

निवड कुठून सुरू करावी? मूळ कारखान्याचा तक्ता मिळाला तर तिथूनच. इंजिन बदललेले असेल आणि प्रत्येक सिलिंडरला वेबरचा स्वतंत्र बॅरल (हवेची वाट) असेल, तर चोकच्या मापाला चारने गुणावे : ३४ मिमीच्या चोकला १३६, म्हणजे १३५ चा मेन जेट. त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर (इमल्शन ट्यूबमध्ये हवा सोडणारा जेट), १८५. ही फक्त सुरुवात आहे. एकाच कार्ब्युरेटरवर चारही सिलिंडर चालत असतील तर हा हिशेब लावू नये.

पण जेटला हात लावण्याआधी टॅपेट, इग्निशन टायमिंग, फ्लोटची पातळी, पंपाचा दाब आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून आत शिरणारी हवा हे सगळे तपासून झालेले हवे. डीसीओईला साधारण ३ पीएसआय दाब पुरतो. त्याहून फार जास्त झाला तर नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत येणे रोखणारी झडप) गळतो आणि दोष विनाकारण जेटवर येतो. मग आधी आयडल जेट, नंतर मेन, शेवटी एअर करेक्टर. एका वेळी एकच बदल. एअर करेक्टरचा परिणाम मुख्यतः वरच्या आरपीएमला जाणवतो आणि तो उलटा असतो : भोक मोठे केले की मिश्रण लीन. गाडी एका वेगावर हिसके देत असेल तर चोक (मापाचा नव्हे, थंड गाडी सुरू करताना ओढतो तो) किंचित ओढून पाहावा. सुधारली तर लीन आहे, बिघडली तर रिच.

एक पायरी दिसते तेवढी लहान नसते. १३० वरून १३५ वर गेल्यास व्यास अर्ध्या दशांश मिलिमीटरनेच वाढतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ ८ टक्क्यांनी. म्हणूनच ड्रिलने भोक वाढवणे आम्हाला अजिबात मान्य नाही. ड्रिल नेमक्या मापाचे भोक पाडत नाही, आत बर (धातूची खरखरीत कड) सोडते आणि तोंडाचा उतार बिघडवते. शिवाय जेटवरचा नंबर आता खोटा ठरतो आणि पुढचा मेकॅनिक त्यावर विश्वास ठेवून फसतो. वापरलेला जेट घेताना भिंगाखाली तोंड पाहावे आणि पिन गेजने (नेमक्या जाडीच्या सळईने) भोक तपासावे. सफाईला क्लीनर आणि हवेचा झोत पुरे, फार तर नायलॉनचा दोरा. पोलादी तार पितळ खरवडते. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा घ्यावा, नाहीतर खाच मोडते.

समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी १५०० मीटरवर नेली तर हवेची घनता सुमारे १४ टक्के घटते आणि मिश्रण ७ टक्क्यांच्या आसपास रिच होते. मेन जेट एक पायरी खाली आणला की भागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम नेमका उलटा. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेले इंजिन त्यावर साधारण तितकेच लीन चालते, म्हणून एक पायरी वर जावे लागते. शिसेविरहित पेट्रोलवर प्लगचा रंग नीट वाचता येत नाही. सायलेन्सरला वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावून पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा (पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत मिळालेली हवा; १ पेक्षा कमी म्हणजे रिच) ०.८५ ते ०.८८ दरम्यान आहे का ते पाहावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल असताना हवा-इंधन गुणोत्तराच्या आकड्याऐवजी लॅम्डाच वाचावा, कारण १४.७ हे शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाचे प्रमाण त्या पेट्रोलला लागू नाही.

आपल्या पुरवणीत यापुढे जेटचा नंबर द्यायचा झाल्यास कार्ब्युरेटरचे मॉडेल, चोकचे माप आणि पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण सोबत द्यावे, ही विनंती.

आपले,
जुने कार्ब्युरेटर दुरुस्त करणारे काही वाचक