बाहेरच्यांनी दिलेलं नाटक, बाहेरच्यांनी दिलेलं गाणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेची. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली, त्यात एक फ्लॅट भाड्यानं द्यायचा विषय निघाला. घेणारा माणूस कुपवाड एमआयडीसीत कामाला, बायको आणि दोन मुली, मूळचे बिहारचे. कागदपत्रं सगळी व्यवस्थित होती तरी चार-पाच जण म्हणाले बाहेरचे लोक नकोत, वातावरण बिघडतं, आणि विषय तिथंच संपला. मी त्या दिवशी गप्प बसले, ते मला अजून टोचतंय, म्हणून हे पत्र.

त्याच आठवड्यात मुलीचा तंबोरा जवारीला, म्हणजे तारेचा नाद जुळवून घ्यायला, घेऊन गेले होते. कारागिरांनी घोडीवर बारीक कानस फिरवली, तारेखाली दोरा घातला, तार छेडली, नाही पटलं, दोरा केसभर मागं घेतला, परत छेडली, असं किती वेळ चाललं होतं, आणि मग नुसती टणटण वाजणारी तार एकदम गुंजायला लागली, दुकानातली सगळी माणसं क्षणभर बोलायची थांबली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला केवढा अभिमान. पण हे काम सुरू केलं ते शिकलगारांनी. तलवारींना धार लावणारी ही माणसं, लढाया संपल्या, हत्यारांचं काम गेलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि पुढं बनवायलाच लागले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, हात मिरजेच्या मुसलमान कारागिराचे, आणि त्यावर पहिला सा लावणार कुठल्या तरी गावातली कुलकर्ण्यांची नाहीतर कांबळ्यांची मुलगी.

नाटकाचं तर काय सांगायचं. दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो. पण त्याच्या आधी काय झालं होतं? कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली, यक्षगानासारखे नाच-गाण्याचे कानडी खेळ करून दाखवले, सांगलीचे राजे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी ते पाहिले आणि आपल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी मराठीत करा. मग १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं राहिलं, त्याचीच आठवण म्हणून हा रंगभूमी दिन. ती कानडी मंडळी गावाच्या वेशीवरूनच परत पाठवली असती तर?

आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेब. कैरान्याचे, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातले. तेही मिरजेत येऊन राहिले आणि इथलेच झाले. म्हैसूरच्या दरबारात जाऊन त्यांनी कर्नाटकी गाणं नीट कान देऊन ऐकलं, त्यातलं घेतलं, त्यागराजांची रचना गायले आणि मराठी नाट्यपदंही गायले. त्यांच्याकडं सवाई गंधर्व शिकले आणि सवाई गंधर्वांकडं भीमसेन जोशी. आजही मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या नावानं मैफल होते, मोठमोठे कलाकार तिथं हजेरी लावून जातात, आणि त्याच उरुसात मानाचा पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, असतो तो चर्मकार समाजाचा.

मला वाटतं नुसतं वेगवेगळ्या लोकांनी एका गावात राहून काही घडत नाही, एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. चिंतामणरावांनी खेळ बघितला म्हणून पुढचं सगळं झालं. मिरजेत सगळं गोडच आहे असंही मी म्हणत नाही. २००९ च्या गणपतीतली दंगल आणि तो कर्फ्यू आम्ही घरात बसून काढलाय. पण भीती वाटते म्हणून दारं लावून घेतली तर ती भीती वाढतच जाते, हे पण मी त्याच दिवसांत बघितलंय.

आणि बाहेरचे बाहेरचे म्हणताना आपल्याच जिल्ह्याकडं बघा की. खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार तमिळनाडू-केरळपर्यंत गेलीत, पोरंबाळं तिथं शिकली, घरात मराठी आणि दारात तिथली भाषा. त्यांनाही पहिल्या दिवशी तिथं कुणीतरी खोली भाड्यानं दिलीच असेल ना?

माझी एक विनंती आहे, तुमच्या पेपरनं ती लावून धरावी. ५ नोव्हेंबरला सांगलीत मान्यवरांचे सत्कार होतात ते होऊ देत, पण त्याच दिवशी कर्नाटकातली एखादी यक्षगानाची मंडळी भावे नाट्यमंदिरात बोलवा, रात्रभर खेळ होऊ दे, शाळेच्या पोरांना फुकट बसवा. भाषा कळणार नाही म्हणाल तर मिरजेत अर्ध्या घरांतल्या आज्ज्या कानडी बोलतात, त्या सांगतील पोरांना. खर्चाला माझे पाच हजार आधी धरा.

सोसायटीची पुढची मीटिंग येत्या महिन्यात आहे. तो फ्लॅट अजून रिकामाच आहे, विषय मी परत काढणार आहे आणि यावेळी लेखी देणार आहे.

आपली,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)